डंकावरचं डंकावर

आयुष्यभर काय केलंत, असं कुणी विचारलं तर मी सांगते, पेण-रोह्याच्या बायकांना शिंका आणल्या. ऐकणारा हसतो. मग मी सांगते की माझा मसाल्याचा डंक होता. माणूस जुना असेल तर त्याचं हसू बदलतं. आईबरोबर उन्हात रांगेत बसलेलं त्याला आठवतं, डोळ्यांना लागलेली धार आठवते. "म्हणजे वयनींचा डंक?" तो विचारतो. हो, तोच. ती वयनी मीच.

ज्यांच्या घरी मसाला पाकिटातून येतो त्यांच्यासाठी सांगते. डंक म्हणजे ओळीनं बसवलेली लोखंडी उखळं आणि त्यांच्यावर मोटरच्या पट्ट्यानं आळीपाळीनं वर-खाली होणारी मुसळं. मसाला चक्कीतही निघतो, पण चक्कीत तो तापतो. तापला की त्यातलं तेल उडतं, रंग मरतो आणि निम्मा वास चक्कीवाल्याच्या छपराला लागतो. डंकात मसाला दळत नाहीत, कुटतात. कुटायचा, चाळायचा, चाळणीवर राहिलेला चाळ पुन्हा उखळात टाकायचा. हळकुंडं आणि सुंठ आधी, कारण ती हट्टी. मग मिरची, मग धणे. लवंग, दालचिनी, जायपत्री, दगडफूल ही नाजूक मंडळी शेवटी, मुसळाचे चार ठोके खाऊन लगेच बाहेर. हा क्रम चुकला की मसाला भरड तरी राहतो किंवा बेचव तरी होतो.

पेणला हा डंक बसवला आमच्या ह्यांनी. पुढे ह्यांना रोह्याजवळ धाटावच्या केमिकल कंपनीत नोकरी लागली, शिफ्ट सुरू झाली, आणि डंक माझ्याकडे आला. "महिनाभर तू बघ, मग माणूस ठेवू," हे म्हणाले. तो माणूस अजून यायचाय.

होळी पेटली की आमचा हंगाम सुरू, मृग लागला की बंद. मधल्या दिवसांत माझ्या गालात सतत ज्येष्ठमधाची काडी असायची, नाहीतर संध्याकाळपर्यंत घसा बसलाच म्हणून समजा. हात इतके भगभगायचे की खोबरेल चोळून थंड पाण्यात धरून बसावं लागायचं. पावसाळ्यात शिकेकाई, बाळंतिणीसाठी सुंठ-पिंपळी, दम्याच्या माणसासाठी अडुळसा आणि बेहडा. दिवाळीच्या तोंडावर उटण्याचं सामान, म्हणजे कपूरकाचरी, नागरमोथा, वाळा, आंबेहळद. दिवाळीआधी आमच्या गल्लीत आंघोळ न करतासुद्धा माणसाला आंघोळ केल्यासारखं वाटायचं, असं हे म्हणायचे. ह्यांच्या विनोदाची मजल तेवढीच.

एका घरचा मसाला झाला की दुसऱ्या घरचा घालण्याआधी मी उखळात तांदळाची कणी कुटायची. कणी आधीच्या मसाल्याचा रंग आणि वास ओढून घेते, उखळ स्वच्छ होतं. ती लालसर कणी टाकून द्यायचं जिवावर यायचं, म्हणून आमच्या घरी तिची भाकरी व्हायची. म्हणजे हंगामभर आम्ही रोज वेगळ्या घरची भाकरी खात होतो. आज खाडीकाठच्या आगरातल्या कुणा बाईची, तर उद्या रोह्याहून गाडीनं डबे घेऊन आलेल्या मास्तरीणबाईंची. कुणी बडीशेप जास्त घालतं, कुणाला शहाजिरं चालत नाही, कुणाच्या मसाल्यात त्रिफळ गुपचूप येऊन बसलेलं असतं, हे माझ्या जिभेला असं कळत गेलं. मी कुणाचं चोरलं नाही. पण डोळ्यांपुढून रोज जात होतं आणि पोटातही जात होतं, मग कळणार नाही तर काय.

म्हणूनच मी एक नियम केला. डंकावरचं डंकावर. कुणाच्या मसाल्यात काय आणि किती, हे माझ्या तोंडून दुसरीला कळायचं नाही. मग ती जाऊ असो, शेजारीण असो, नाहीतर माझी सख्खी बहीण असो.

बाहेरच्यांना वाटतं, मसाल्यात लपवण्यासारखं काय असतं. लपवण्यासारखंच असतं. ज्या बाईच्या हातात बरणी, तिच्या हातात चूल, हे आमच्याकडे न सांगता सगळ्यांना माहीत. कित्येक सासवा सुनेला मिरच्यांची डेखं काढायला बरोबर आणायच्या आणि गरम मसाल्याचं गाठोडं सोडायची वेळ आली की तिला चहा आणायला पिटाळायच्या. सुनांनाही ते कळायचं. त्या चहा घेऊन सावकाश यायच्या.

या नियमाची परीक्षा घेणारे पुष्कळ भेटले. गावातल्या जुन्या जमीनदार घरातल्या एक बाई शाळेत शिकवायच्या, बोलणं अगदी मऊ. आपल्या पुड्यांवर वर्तमानपत्र झाकून बसायच्या आणि मला हळूच विचारायच्या, "अहो, या आगराकडच्या बायका कालवणात काय हो घालतात? फार सुरेख वास येतो."

"मासे," मी म्हटलं.

बाई मनातून रागावल्या असतील, पण पुढच्या वर्षी आल्या. माझ्याकडून त्यांचंही कुठं जाणार नाही, याची खात्री पटली असावी.

एकदा गणपतीच्या कारखान्यातले एक गृहस्थ रंगाचे खडे घेऊन आले. पावसाळा चालू, गणपती तोंडावर, त्यांच्याकडचं कुटायचं यंत्र बंद पडलेलं. "वयनी, देवाचं काम हाय, नाय म्हनू नका." मी हात जोडले आणि म्हटलं, "बाप्पाला माझ्या मिरचीनं शिंक आली तर चालेल, पण लोकांच्या आमटीत तुमचा रंग चालणार नाही." त्यांनी पुढे वर्षभर बोलणं टाकलं. गणपतीत मात्र प्रसाद पाठवला.

तर अशी मी, नियमाची पक्की आणि त्याचा तोरा मिरवणारी. आता द्वारकाबायचं सांगते.

द्वारकाबायची धरमतरला खाडीच्या कडेला खानावळ होती. नवऱ्याचं मिठागरातलं काम गेल्यावर तिनं घराच्या पुढच्या पडवीत चार बाकडी टाकली. बार्जवरची माणसं, ट्रकवाले आणि नव्वदच्या दशकात डोलवीला कंपनी उभी राहायला लागली तेव्हा तिथले कंत्राटी कामगार, सगळे तिच्याकडे जेवायचे. भात, भाकरी आणि खाडीच्या मासळीचं कालवण, बस. पण त्या कालवणासाठी माणसं वाट वाकडी करून यायची. मी स्वतः तिथं जेवले आहे आणि ताटली पुसून खाल्ली आहे.

ती एस.टी.नं यायची, एका हातात गोणी, दुसऱ्या हातात डबा. सगळं घरून भाजून, उन्हं देऊन आणलेलं. उखळापाशी लोकांकडे पाठ करून बसायची आणि आपल्या मुठीनं मापून एकेक जिन्नस टाकायची. तराजू तिनं कधी वापरला नाही. मी समोर उभी, त्यामुळे माझ्यापासून काही लपायचं नाही. एकदा तिनं चाळणी हलवता हलवता मला बजावलं होतं, "वयनी, तुज्या पोटात ऱ्हाऊ दे. माज्या सुनेला पन सांगायचा नाय. मी सांगन तवा सांगन."

सून रंजना अष्टमीची, म्हणजे रोह्याच्या पुलापलीकडची. माझंही माहेर तेच. माहेरच्या गावची म्हणून ती मला आत्या म्हणायची. कामाला वाघीण पोरगी. पहाटे मासळी आणण्यापासून रात्रीची भांडी घासण्यापर्यंत सगळं तिच्यावर. फक्त बरणीला हात लावायचा नाही. कालवणात मसाला टाकायला सासूबाई स्वतः उठायच्या.

एका वर्षी हंगाम सुरू व्हायच्या आधीच द्वारकाबायला अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डॉक्टरांचं औषध चालू होतं. शेजारणींनी जीभ सुटावी म्हणून वेखंड उगाळून चोळलं, ते वेखंडही माझ्याकडचंच होतं. जीभ काही सुटली नाही.

होळीनंतर रंजना डंकावर आली. गर्दी ओसरेपर्यंत कोपऱ्यात बसून राहिली. मग जवळ आली.

"आत्या, बरनीत तलाला ऱ्हायलाय मसाला. मी माज्या हातानं थोडा करून बगितला. एक ट्रकवाला पहिला घास घेऊन म्हनाला, आज म्हातारीचा हात नाय. दुसऱ्या दिवशी त्यो आलाच नाय."

मी हातातली चाळणी बाजूला ठेवली.

"नाक्यावर दुसरी खानावळ निगालीय. लोक म्हनतात, म्हातारीची जीभ गेली, आता खानावळ पन गेली. ह्यांच्या कंपनीतल्या कंत्राटी कामाचा काय भरवसा, आज हाय तर उद्या नाय. पडवीतल्या बाकड्यांवरच आमचं घर चालतं, आत्या." तिनं माझा हात धरला. "तुला सगला ठाऊक हाय. तू सांग."

मला ठाऊक होतं. धण्यांची मूठ किती, मिरची कुठली आणि कुठल्या मिरचीत मिसळलेली, शेवटी कोणत्या दोन चिमट्या, सगळं. त्या क्षणी मला त्याचा अभिमानच वाटला, हे कबूल करते. गावोगावच्या बायका जे चुलीआड जपतात ते माझ्या डोक्यात नीट लावून ठेवलेलं होतं आणि आता एक घर तेवढ्यावर अडलं होतं. तोंड उघडायचाच अवकाश होता.

"नाही सांगता येणार, रंजना," मी म्हटलं.

तिनं हात सोडला. "परक्या मानसानं असं केलं असतं तर काय वाटलं नसतं. तू म्हायेरची." आणि ती डबा उचलून निघून गेली.

मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "सांगून टाकायचं. म्हातारी थोडीच उठून भांडायला येणार आहे?" त्या वाक्यानंच मला जागं केलं. जी भांडायला येऊ शकत नाही तिचं गुपित फोडायचं, ह्यात कसला मोठेपणा? ती धडधाकट होती तेव्हा गप्प बसणं सोपं होतं. खरी राखण आता करायची होती. पण रंजनाची खानावळ बुडू द्यायची, हेही मनाला पटेना.

सकाळी मला सुचलं. द्वारकाबायची वाचा गेली होती. नाक शाबूत होतं, डावा हात शाबूत होता.

मी डंकाला कुलूप लावलं. भर हंगामात डंक बंद बघून गल्लीत चर्चा झाली. टोपलीत सगळे जिन्नस अख्खे घेतले, तिच्या मसाल्यात असलेले आणि नसलेलेही. मुद्दाम, कारण फक्त असलेले नेले असते तर ते सांगितल्यासारखंच झालं असतं. धरमतरची गाडी पकडली.

द्वारकाबाय आतल्या खोलीत खाटेवर होती. मला टोपलीसकट बघितल्यावर तिचा चेहरा असा झाला की मी दारातच थांबले. मी फितूर झाले, असंच तिला वाटलं होतं. मी खाटेजवळ खाली बसले.

"मी कुणाला काही सांगितलेलं नाही," मी म्हटलं. "विचारा हिला. म्हणून तर ही माझ्यावर रुसली आहे. आता सांगायचं का नाही ते तुम्ही ठरवा. सांगायचं असेल तर हात आहे तुमचा. नसेल तर टोपली घेऊन मी परत जाते."

तिनं रंजनाकडे बघितलं. रंजना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, डोळ्यांत पाणी. बाहेर बार्जचा भोंगा वाजला, म्हणजे जेवणाची माणसं यायची वेळ झाली होती. रंजना सवयीनं वळली, भात बघायला. आणि तेव्हा द्वारकाबायनं डाव्या हातानं खाटेवर थाप मारली. इथं बस, अशा अर्थाची.

मी धणे तिच्या नाकाशी धरले. तिनं वास घेतला आणि रंजनाच्या हाताकडे बोट केलं. रंजनानं मूठ भरली. म्हातारीनं ती मूठ आपल्या हातात घेतली, दाबून बघितली आणि मान हलवली. रंजनाची मूठ लहान होती. म्हातारीनं आणखी थोडे धणे वर घालायला लावले. मग पुन्हा, मग पुन्हा. एकेक जिन्नस असा चालला. नको असलेला आला की ती बोट हलवायची. माझी दालचिनी तिनं हुंगली आणि टोपलीबाहेर भिरकावली. जाड सालीची होती, घेताना माझ्याही लक्षात यायला हवं होतं. मी ती निमूटपणे पदरात बांधली. दगडफुलाला कचरा दिसला तेव्हा तिनं रंजनाकडे असं बघितलं की ती लगेच निवडायला बसली. बाहेर बाकड्यावरची माणसं ताटल्या वाजवायला लागली, तर रंजनाचा नवरा त्यांना म्हणाला, "जरा दम खा, आत शाला चालू हाय."

मी मनातल्या मनात पडताळत होते. धणे बरोबर. मिरची बरोबर. खसखस बरोबर. शेवटच्या दोन चिमट्या आल्या, त्याही बरोबर. एकही जिन्नस माझ्या अंदाजाबाहेरचा नव्हता. मी कुणालाही न सांगता स्वतःची पाठ थोपटून घेतली.

"झालं," मी म्हटलं आणि टोपली आवरायला लागले. "आता हे कुटून दिलं की—"

द्वारकाबायनं हात वर केला. मला वाटलं पाणी मागते. मी तांब्या उचलला, तर तिनं मान हलवली. हात तसाच, माझ्याकडे, मग दाराकडे. मला कळेना. रंजनाला आधी कळलं आणि ती लाजून म्हणाली, "आत्या, ती तुला भाईर जा म्हनते."

मी तांब्या खाली ठेवला आणि बाहेर गेले.

ओटीवर बसले. समोर खाडी, भरतीचं पाणी चढत होतं. बाकड्यावरचे लोक माझ्याकडे बघत होते. आधी मला राग आला. भर हंगामात डंक बंद ठेवून मी आले, तिच्या शब्दाला जागून माहेरच्या पोरीला दुखावलं, आणि म्हातारीनं मला घराबाहेर काढलं. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. डंकावर जे व्हायचं ते मला ठाऊक होतं. पण मसाला घरी गेल्यावर त्याचं काय व्हायचं, ते मला कुठं ठाऊक होतं? बरणीत भरण्याआधी तिथं आणखी काहीतरी घडत होतं. धुरी असेल, काही मिसळणं असेल, काय ते देव जाणे. इतकी वर्षं ती माझ्यासमोर बिनधास्त मुठी मापत होती, कारण सगळं माझ्यासमोर नव्हतंच. आदल्या दिवशी मोठ्या रुबाबात मी रंजनाला सांगून टाकलं असतं, तर मी शब्दही मोडला असता आणि पोरीच्या हातात अर्धाच मसाला दिला असता. ट्रकवाल्यानं पुन्हा पहिल्याच घासाला ओळखलं असतं.

मला हसू यायला लागलं. द्वारकाबायनं माझाच नियम मला लावला होता, आणि माझ्याहून पक्का लावला होता.

रंजना बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता. मी काही विचारलं नाही. तिनं मला जेवायला वाढलं. दोन दिवसांनी ती गोणी घेऊन डंकावर आली, उखळापाशी लोकांकडे पाठ करून बसली, आणि मी मसाला कुटून दिला. त्यानंतर मी कणी कुटली, तिची भाकरी केली. चवीला छान होती. पण धरमतरच्या कालवणाची ती चव नव्हती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट जाणवलं.

खानावळ टिकली. नाक्यावरची दुसरी कधी बंद पडली ते कुणाच्या लक्षातही नाही. द्वारकाबाय पुढे बरेच दिवस पडवीत खुर्चीवर बसून असायची आणि कालवण चुलीवर असलं की नाक वर करून हुंगायची. ठीक असलं तर डोळे मिटायची. गेली तेव्हा कालवण चुलीवरच होतं, असं रंजना सांगते.

आता माझा डंक बंद आहे. पाकिटं आली, घरोघर मिक्सर आले, सुना नोकरीला जायला लागल्या. त्यांना मी नावं ठेवत नाही, उन्हात रांगेत बसायला त्यांना वेळ नाही. पण किती घरांची चव त्या पाकिटांत विरघळून गेली, याचं वाईट वाटतं. ज्या बायका सांगायच्या राहून गेल्या त्यांचे मसाले आता फक्त माझ्याच डोक्यात आहेत. त्यांच्या लेकी-सुना येऊन मागतील तर आता देईन, असं मी ठरवलंय. अजून फार कुणी आलं नाही.

गेल्या वर्षी रंजनाकडे गेले होते. आता तिची पडवी पक्की झाली आहे, बाकड्यांच्या जागी टेबलं आली आहेत, आणि केस माझ्यासारखेच पांढरे झाले आहेत. तिनं कालवण वाढलं. मी पहिला घास घेतला, आणि नेहमीप्रमाणे जीभ शोधायला लागली, ते शेवटचं काय असेल ते. रंजना बघत होती.

"आत्या," ती म्हणाली, "आता तुजा डंक पन नाय, म्हातारी पन नाय. सांगू का?"

खरं सांगते, मोह झाला. पेण-रोह्यातल्या साऱ्या घरांच्या मसाल्यांत एवढी एकच गोष्ट मला माहीत नाही. तिनं तोंड उघडलं. मी माझी ताटली उचलली आणि ओटीवर जाऊन बसले.